बाटली भरलेली दिसली पाहिजे

शेवटची पोस्टिंग घराजवळ मिळावी म्हणून प्रत्येक फौजी अर्ज करतो. माझा मंजूर झाला. नाशिकच्या बाहेर, छावणीत, एक छोटं मिलिटरी हॉस्पिटल होतं. तिथल्या सर्जिकल वॉर्डात मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट म्हणून हजर झालो. कोरोनाच्या आधीची गोष्ट आहे. घर दिंडोरीला. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढली की दुपारच्या जेवणाला घरी. बायको खूश, भाऊ खूश. बर्फ झाला, वाळवंट झालं, आता पेन्शनपर्यंत निवांत, असं मलाही वाटलं होतं.

आता मी गंगापूर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीतले लोक पंधरा ऑगस्टला मला खुर्चीवर बसवतात आणि म्हणतात, काका, बॉर्डरवरचं काहीतरी सांगा. त्यांना गोळीबार हवा असतो. मी सांगतो थोडंफार. टाळ्या पडतात, समोसा मिळतो. पण जो जवान माझ्या डोक्यातून जात नाही, तो बॉर्डरवर गेला नाही. तो इथेच गेला, स्वच्छ पांढऱ्या चादरीवर, आणि त्याला आम्ही धुऊन धुऊन घालवला. हे समोशाबरोबर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहितोय.

आधी वॉर्डाचं रुटीन सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सकाळी सहाला ड्यूटी बदलायची. फरशी फिनेलने, खाटा आणि लॉकर कार्बोलिकने पुसायचे. ड्रेसिंगचे चिमटे, कात्र्या साबणाने घासून, कोरड्या करून, डब्यात भरून ऑटोक्लेव्हला पाठवायच्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे तुमच्या घरातल्या कुकरचा थोरला भाऊ. डब्यावर एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर काळ्या रेघा उमटल्या की डबा तापून निघाला असं समजायचं. कोरोनात तुम्ही लोकांनी भाजीपासून कुरिअरच्या खोक्यापर्यंत दिसेल त्याच्यावर सॅनिटायझर मारलात, म्हणून मुद्दाम सांगतो. फरशीचं वेगळं, हत्यारांचं वेगळं, कातडीचं वेगळं. कात्री उकळता येते, माणूस उकळता येत नाही. माणसासाठी जंतुनाशक लोशन. जारमधलं घट्ट लोशन पाण्यात पातळ करायचं आणि वापरायचं. आमचा सगळा वॉर्ड त्या लोशनवर चालायचा. ट्रॉलीवर लोशनच्या बाटल्या, स्टीलच्या डब्यात लोशनमध्ये भिजवून ठेवलेले कापसाचे बोळे, आणि वॉर्डाच्या दारात स्टँडवर लोशनचं पांढरं घमेलं. आत येणाऱ्याने दोन्ही हात त्यात बुडवायचे, मग तो सीओ साहेब असो की झाडूवाला.

या सगळ्याचे मालक सुभेदार शेळके साहेब. मूळचे घोटीचे. वडील भाताच्या गिरणीत पोती उचलायचे, हे शिपाई म्हणून भरती झाले आणि कष्टाने वर आले. इतका टापटिपीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खाटेच्या पायाच्या आतल्या बाजूने पांढरा रुमाल फिरवायचे. रुमालाला डाग लागला की आमची खैर नसायची. त्यांचं एक वाक्य वॉर्डातल्या सगळ्यांना पाठ होतं. बाटली भरलेली दिसली पाहिजे. प्रत्येक बाटलीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रेघ मारली होती आणि लोशन त्या रेघेखाली गेलेलं त्यांना खपायचं नाही. इन्स्पेक्शनला मोठा साहेब आला की ट्रॉलीवरच्या बाटल्या एका रांगेत, एका उंचीला, परेडला उभ्या केल्यासारख्या दिसायच्या. साहेब मान डोलवायचा आणि पुढे जायचा.

त्यासाठी रोज संध्याकाळी एक जण नवीन लोशन घेऊन फिरायचा आणि प्रत्येक बाटली रेघेपर्यंत भरायचा. घमेल्यातही वरून भर घालायची. उरलेलं ओतून द्यायचं नाही. चांगलं सरकारी लोशन मोरीत ओतताना दिसलात तर वर जबाब द्यावा लागायचा. आता बाटली रिकामी झाली तर ती धुवायला जाणार ना? आमच्याकडे बाटली रिकामी होतच नव्हती. तळाशी कोणत्या जमान्यातलं लोशन होतं, देव जाणे. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. अहो, वाटेल कसं? जंतू मारायचं औषध ते. याआधी जिथे जिथे नोकरी केली तिथेही असंच चालायचं आणि तिथेही इन्स्पेक्शन पास व्हायचं.

त्या वर्षी गणपती नुकतेच गेले होते. पाऊस सरत आला होता. फायरिंग रेंजवरून एक तुकडी परत निघाली होती. तोफ गाडीला जोडताना तिचा मागचा जड दांडा निसटला आणि एका जवानाच्या डाव्या पायावर आला. दुपारी वायरलेसवर मेसेज आला.

"एक कॅज्युअल्टी. लेफ्ट लेग. ओपन फ्रॅक्चर. होश में है."

"कितनी देर?"

"बीस मिनट."

त्याचं नाव लान्स नायक काशिनाथ भोये. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. बारीक, काटक, पळण्यात युनिटमध्ये पहिला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि जखमेत चिखल गेला होता. आमचे सर्जन लेफ्टनंट कर्नल होते, बोलायला तुसडे, पण हाताला यश असलेला माणूस. त्यांनी लगेच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये घेतलं, जखम साफ केली, बाहेरून सळ्या लावून हाड बसवलं. बाहेर येताना हातमोजे काढत म्हणाले, "लड़का चलेगा." आमचा जीव भांड्यात पडला.

शुद्धीवर आल्यावर पोरगा मजेत होता. मी दिंडोरीचा हे कळल्यावर तर खुदकन हसला. लहानपणी मोसमात आईबरोबर तो दिंडोरीकडे द्राक्षांच्या मळ्यात मजुरीला यायचा. तिकडून सगळा पाडाच येतो, गाड्या भरून. द्राक्षाचा घड फुगावा म्हणून एकेक घड औषधाच्या मगात बुडवतात, ते काम. मला म्हणाला, सर, म्हंजे तुमी आमचे मालक झाले. आमच्या घरच्या द्राक्षमळ्यात आला होता का, हे मी विचारलं नाही. विचारायला कसंतरी वाटलं. घरात बाप नव्हता. आई, लहान बहीण सुनीता आणि हा. रोज सकाळी मी ड्रेसिंगला गेलो की तो एकच गोष्ट विचारायचा, सर, दौडीत पास व्हईन ना? पाय राहिला तर फौज राहणार होती, आणि फौज राहिली तर ते घर राहणार होतं. मी म्हणायचो, अरे, पास काय, पहिला येशील.

दोन दिवसांनी त्याची आई आली. जिवलीबाई. सुरगाण्याहून एसटीने नाशिकला आणि तिथून विचारत विचारत छावणीच्या गेटवर. फडक्यात नागलीच्या भाकरी होत्या. गेटवरून फोन आला, मी जाऊन घेऊन आलो. बाई जी आत शिरली ती सरळ खाटेपाशी गेली. सळ्यांच्या खालून त्याची पायाची बोटं उघडी दिसत होती. ती दोन्ही हातांनी चोळायला लागली. रडली नाही, नुसती चोळत राहिली. तेवढ्यात शेळके साहेब राउंडला आले आणि त्यांचा पारा चढला.

"बाई, हात न धुता शिवलात? तुमच्या हातानं पोराचा पाय जाईल."

मनाने वाईट माणूस नव्हता तो. वॉर्डात सगळ्यांशीच तसा बोलायचा, माझ्याशी तर याहून कडक. पण आम्ही फौजी, आम्ही एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायचो. तिने हात चटका बसल्यासारखे मागे घेतले. मी तिला दारातल्या घमेल्यापाशी नेलं आणि हात कसे बुडवायचे ते दाखवलं. दाखवायची गरज नव्हती म्हणा. औषधात हात बुडवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. तिने कोपरापर्यंत बुडवले, बोटांच्या बेचक्या चोळल्या, आणि ओले हात तसेच पुढे धरून खाटेकडे गेली. त्या दिवसापासून मुलाला पाणी पाजायचं, भाकरी भरवायची, तोंड पुसायचं, काहीही असलं तरी आधी घमेल्याशी जायची. शेळके साहेब आम्हाला ओरडून म्हणायचे, त्या माउलीकडून शिका जरा.

पहिले काही दिवस जखम लाल, स्वच्छ होती. मग एका सकाळी मी पट्टी उघडली आणि द्राक्षांचा वास आला. पिकलेल्या, जरा उतरायला लागलेल्या द्राक्षांचा. मी वळून लॉकरकडे पाहिलं. म्हटलं कुणी फळं आणून ठेवली की काय. पण त्या दिवसांत कसली द्राक्षं? आमच्याकडे तेव्हा छाटणीची तयारी चालू असते. वेलीवर एक मणी नसतो.

भोयेलाही वास आला. "सर, द्राक्षं आनली का कुनी?"

मी खाली पाहिलं. पट्टीचा आतला थर हिरवा-निळा झाला होता. मी सर्जन साहेबांना बोलावून आणलं.

सर्जन साहेबांनी वाकून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, स्यूडोमोनास. ओलाव्यात वाढणारा जंतू. वासावरूनच ओळखू येतो आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाही. लॅबला सॅम्पल पाठवायला सांगितलं आणि जाताना ऑर्डर दिली, "धुलाई बढ़ाओ. दिन में तीन बार." मी म्हटलं, येस सर.

त्यानंतर वॉर्डात जे सुरू झालं ते मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. शेळके साहेबांनी तर लढाईच पुकारली. गाद्या उन्हात टाकल्या. भिंती छतापर्यंत धुतल्या. ओटी बंद करून फॉर्मॅलिनची धुरी दिली, आमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ऑटोक्लेव्हची पट्टी साहेब स्वतः चष्मा लावून बघायचे. लॅबच्या मेजर मॅडम, बंगालकडच्या, शांत बाई, रोज ट्रे घेऊन यायच्या. नळाची तोंडं, खाटेचे दांडे, ट्रॉलीचा पत्रा, आमची नखं, नाकं, जिथे म्हणून जंतू बसू शकतो तिथून कापसाची काडी फिरवून न्यायच्या आणि लॅबमधल्या प्लेटवर जंतू उगवतोय का ते बघायच्या. संध्याकाळी मी लॅबला फोन लावायचो.

"मॅडम, कुछ मिला?"

"नहीं. सब प्लेट साफ."

काही मिळत नाही म्हटल्यावर माणसं माणसाकडे बघायला लागतात. जंतू बाहेरून आलाय, असं वॉर्डात कुजबुजायला लागले. बाहेरून म्हणजे कोण, ते सांगायला नको. पाड्यावरची बाई, अनवाणी येते, गुरांत राहते, पहिल्या दिवशी हात न धुता शिवली होती. कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही. शेळके साहेबांनी तिचं स्टूल खाटेपासून लांब, भिंतीशी सरकवलं, एवढंच. ती तिथे हात पदरात घेऊन बसून असायची. भरवायची वेळ झाली की उठायची, घमेल्यात हात बुडवायची, दोन घास भरवायची, परत भिंतीशी.

मी दिवसातून तीनदा जखम धुवायचो. बाटली तिरकी करून लोशन सळ्यांच्या भोवती सोडायचो, डब्यातल्या ओल्या बोळ्याने टिपायचो, परत सोडायचो. जेवढं धुवावं तेवढी जखम बिघडत होती. ताप उतरेना. मांडीपर्यंत सूज चढली. मला काही सुचेनासं झालं, म्हणून मी आणखी लोशन वापरायचो. बाटली रेघेखाली गेली की संध्याकाळी कुणीतरी ती परत भरून ठेवायचं. भोयेने दौडीचं विचारणं बंद केलं. एकदा धुताना माझा हात धरून म्हणाला, "सर, आयला सांगू नका, पन पाय नाय राहत आता."

मी त्याच्यावर खेकसलो. गप पड म्हटलं.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं ठरलं. ॲम्ब्युलन्स पोर्चमध्ये लागली, पण त्याचं ब्लड प्रेशर इतकं पडलं की सर्जन साहेबांनी नाही म्हटलं. रस्त्यातच जाईल म्हणाले. उद्या सकाळी इथेच पाय काढायचा. त्या संध्याकाळी मेजर मॅडम शेवटचे सॅम्पल घ्यायला आल्या. सगळं घेऊन झालं होतं. त्या दारापाशी थांबल्या आणि घमेल्याकडे बघत राहिल्या. मग ट्रॉलीकडे वळल्या.

"साब, लोशन का सॅम्पल कभी दिया?"

शेळके साहेबांना ते लागलं. मान ताठ करून म्हणाले, "मॅडम, लोशन से जर्म मरता है. उसका क्या सॅम्पल?"

"दे दीजिए. मेरी तसल्ली के लिए."

त्यांनी एक भरलेली बाटली पुढे केली. लाल रेघेपर्यंत भरलेली. चेहरा असा, की कुणी त्यांच्या पांढऱ्या रुमालावर शंका घेतली असावी. मॅडमनी बाटलीतून घेतलं, बोळ्यांच्या डब्यातून घेतलं, घमेल्यातून घेतलं आणि गेल्या. प्लेटवर जंतू उगवून दिसायला वेळ लागतो. तोपर्यंत कुणी कामं थांबवत नाही.

सकाळी पाय काढला, गुडघ्याच्या वर. जखम टाके न घालता उघडीच ठेवली, कारण आत घाण राहायला नको. सर्जन साहेब ओटीतून बाहेर आले ते तडक निघून गेले. आई भिंतीशी बसलेली. चादर एका बाजूला सपाट पडलेली तिला दिसत होती. ती उठली नाही. संध्याकाळी मी ड्रेसिंग उघडलं, रोजच्यासारखं, आणि ऑर्डरप्रमाणे धुतलं. वॉर्डातली सगळ्यात भरलेली बाटली मी निवडली होती, ताजं असेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी बदलून होते तोच फोन वाजला. मीच उचलला.

"गांगुर्डे, लोशन बंद करो. अभी."

"मॅडम, कौन सी बॉटल?"

"सब."

मॅडम स्वतः प्लेट घेऊन आल्या. सर्जन साहेब, शेळके साहेब, मी, ट्रॉलीभोवती उभे. प्लेट पूर्ण हिरवी. झाकण उचललं तर तोच वास. बाटलीतलं, डब्यातलं, घमेल्यातलं, तिन्हींत तेच. मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं, आवाज न चढवता. पातळ केलेलं लोशन ठेवून ठेवून कमजोर होतं. कापूस त्यातला जोर शोषून घेतो. जुन्यावर नवीन ओतत गेलात की तळाशी जो जंतू टिकला तो नव्या लोशनलाही सरावतो, पुढे त्यातच वाढतो. बाटली रिकामी करून, धुऊन, तापवून मगच परत भरायची असते. एवढीच गोष्ट. आम्ही जंतू शोधायला भिंती खरवडल्या आणि तो आमच्या हातात होता. आम्ही तो दिवसातून तीनदा त्या पोराच्या जखमेत ओतत होतो.

त्यानंतर मी सगळ्या बाटल्या मोरीत उपड्या केल्या. शेळके साहेब शेजारी उभे होते. शेवटच्या बाटलीत त्यांनी बोट घातलं आणि तळ चाचपला. बोट बाहेर आलं ते बुळबुळीत. ते बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी कधी खाली जाऊ दिली नाही रे रेघेच्या." त्यांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पुण्याहून गाडी नवीन इंजेक्शन घेऊन निघाली होती. कसारा घाट नाही काही नाही, सरळ रस्ता, तरी मला ती गाडी येता येईना असं झालं. आली, सलाईनला लावलं. पण विष रक्तात पसरलं होतं. भोये दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. शेवटी तो त्याच्या बोलीत काहीतरी बोलत होता, मला फक्त आय आणि घड हे दोन शब्द कळले. मोसमात असेल कुठेतरी, आईबरोबर.

सरकारी इतमामाने पाड्यावर नेला. तिरंग्यात पेटी, बिगुल, हवेत फैरी. सगळा डोंगर जमला होता. अंत्यविधीआधी झेंडा घडी करून आईच्या हातात द्यायचा असतो. आमचे कॅप्टन साहेब झेंडा दोन्ही हातांवर घेऊन तिच्यासमोर उभे राहिले. ती मागे सरली. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, ती आणखी मागे सरली. हात पदराखाली. साहेबांना वाटलं, बाईला आमचा राग आहे. लोकांनाही तसंच वाटलं. शेवटी सुनीताने झेंडा घेतला. जिवलीबाई पेटीलाही शिवली नाही. का नाही शिवली, ते तिथे फक्त मला कळलं, आणि ते सांगायची ती जागा नव्हती.

चौकशी बसली. माझा जबाब झाला, शेळके साहेबांचा झाला. कुणा एकाचा दोष नाही, चुकीची पद्धत होती, ती बंद करावी, असा निकाल लागला. बरोबरच होतं ते. खरं तेच होतं. पण त्या खऱ्याने कुणाचं काय भलं झालं? घरच्यांना कळवलं ते एवढंच, की जखमेत इन्फेक्शन होऊन मृत्यू. युद्धात गेला नाही, म्हणून शहिदांच्या फलकावर त्याचं नाव नाही. वॉर्डात छोट्या बाटल्या आल्या, रोज रिकाम्या होणाऱ्या. काही महिने सगळे नीट वागले. शेळके साहेबांनी मुदतीआधी नोकरी सोडली.

मी पेन्शनवर आल्यावर पहिलं काम ठरवलं, जिवलीबाईला जाऊन खरं सांगायचं. तिच्या डोक्यावरचं ते ओझं उतरवायचं. घोटीला जाऊन शेळके साहेबांना म्हटलं, चला बरोबर, तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला बरं वाटेल. त्यांनी मला चहा पाजला. मग म्हणाले, "गांगुर्डे, माझ्याच्यानं नाही होणार." मी एकटाच गेलो.

घरासमोर सुनीताची तान्ही मुलगी झोळीत रडत होती. जिवलीबाई शेणाचं काम सोडून उठली, राखेने हात घासले, मग साबणाने धुतले, परत धुतले, कोपरापर्यंत. हात पुढे धरून तशीच आली आणि नातीला उचललं. आमच्या वॉर्डातली पद्धत, जशीच्या तशी. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आई, तुमच्या हातांत काही नव्हतं. दोष आमच्या औषधात होता. त्या बाटल्यांत होता, त्या घमेल्यातल्या पाण्यात होता. मुलाचा पाय तुमच्यामुळे गेला नाही. हे सांगायलाच मी आलो.

ती ऐकत राहिली. नात तिच्या मांडीवर. मला वाटलं, आता रडेल आणि मोकळी होईल. मग तिने हळूच नातीला उचलून सुनीताकडे दिलं.

"घमेल्यात पन व्हतं?"

"हो, आई. सगळीकडेच होतं."

"मंग मी त्यातच हात बुडवून त्याला भरवलं ना, दादा? रोज."

मी म्हटलं, तसं नाही, आई, भरवल्याने काही झालं नाही, जखमेत गेलं ते आमच्या हातून गेलं. आम्ही सगळ्यांनीच त्यात हात बुडवले. ती मान हलवत होती, पण ऐकत नव्हती.

"तुमचं काम व्हतं ते," ती म्हणाली. "मी आय व्हते."

एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. येताना वाटभर मनाची समजूत घालत होतो, की खरं सांगितलं, आज ना उद्या पटेल तिला.

पुढच्या वर्षी भोये गेला त्या तारखेला परत गेलो. सुनीता मला बांधाच्या कडेला घेऊन गेली. पोरगी दुडूदुडू चालायला लागली होती. सुनीता रागावलेली नव्हती, नुसती थकलेली होती.

"दादा, तुमी आयला काय सांगून गेला? आधी निदान हात धुवून पोरीला घ्यायची. आता धुवून पन घेत नाय. धुवायच्या पान्याचाच भरवसा नाय म्हनते."

मी परत जाऊन समजावलं. चूल पेटवून पाणी उकळून दाखवलं, त्यात हात धुवून दाखवले. तिने सगळं नीट बघितलं, हो हो म्हटलं. पोरगी धावत तिच्याकडे आली तेव्हा मात्र दोन्ही हात पाठीमागे घेतले.

दर वर्षी जातो. लय काही नसतं तिथे. लान्स नायक काशिनाथ भोये, वर्दीतला फोटो, पत्र्याच्या घरात खुंटीला. शाळेतली पोरं येतात, मास्तर दोन शब्द बोलतात. मी मेडल लावून सॅल्यूट करतो. माझ्या भावाचा मळा आहे, पण मोसमात मी तिकडे फिरकत नाही, मला तो वास सहन होत नाही. हार पाड्यावरच करतात, झेंडूचा. जिवलीबाई तो करत नाही, सुनीता ओवते. फोटोला घालायची वेळ आली की जिवलीबाई भिंतीपाशी, हात पदरात घेऊन उभी राहते, आणि मानेने मला खुणावते. तिच्या मुलाच्या पायावर ती बाटली रोज कोण ओतत होतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलंय. तरी तिला वाटतं, तिच्या हातांपेक्षा माझे हात बरे. मी हार घालतो.